ठसा, जाळी आणि उष्णता : कापडावरील छपाईची निवड

(इंदूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

इंदूर आणि कापड यांचे नाते आपणांस नव्याने सांगावयास नको. होळकरांच्या आश्रयाने महेश्वरचे माग भरभराटीस आले. पुढे इंदुरात मालवा, हुकुमचंद यांसारख्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्या गिरण्यांचे भोंगे आता बंद झाले आहेत. परंतु तयार कपड्यांचा व्यापार या शहरात आजही मोठ्या प्रमाणावर चालतो. या व्यापाराला अलीकडे एक नवी शाखा फुटली आहे. खेळाडूच्या सदऱ्यावर त्याचे नाव, शाळेच्या पिशवीवर शाळेचे बोधचिन्ह, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना त्यांचे छायाचित्र असलेला कप, अशा वस्तूंची मागणी खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आहे.

हा धंदा एका खोलीत करता येतो. त्यामुळे अनेक बचत गट व होतकरू तरुण कर्ज काढून त्यात उतरू पाहतात. यंत्र विकणारा सांगतो की, या एकाच यंत्रावर सर्व काही छापता येते. या वाक्याची परीक्षा करणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. सर्व वस्तूंवर सारखीच चांगली चालणारी छपाईची पद्धत अद्याप निघालेली नाही. प्रत्येक पद्धतीचे एक क्षेत्र आहे. ते ओळखून जो काम घेईल त्याचे कर्ज फिटेल. जो ओळखणार नाही त्याचा माल पहिल्या धुण्यातच परत येईल. यास्तव यंत्र घेण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. कापड कोणते? नग किती? आणि वस्तू किती धुणी टिकावयास हवी?

प्रथम कापड ओळखा

रंग कापडाला कसा धरतो हे तंतूवर अवलंबून असते. सुती तंतू वनस्पतिजन्य आहे. पॉलिएस्टर हा कृत्रिम तंतू आहे. आणि शाळेच्या गणवेशासाठी वापरले जाणारे टेरीकॉट हे या दोहोंचे मिश्रण आहे. हे ओळखण्याची सोपी रीत शिक्षकांनी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावी. कापडाचा एक धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळाल्याचाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टरचा धागा आकसतो, वितळतो आणि त्याचा कठीण मणी बनतो. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणे आढळतात. एवढ्या लहान परीक्षेने पुढील बरेचसे नुकसान टळते.

ठसेकाम

सर्वांत जुनी पद्धत लाकडी ठशांची. तिचे उत्तम उदाहरण आपल्या शेजारीच, धार जिल्ह्यातील बाघ येथे आहे. मूळचे सिंधमधून आलेले खत्री कारागीर ही कला तेथे चालवितात. इस्माईल सुलेमान खत्री यांच्यासारख्या कारागिरांच्या प्रयत्नांमुळे ती देशाबाहेरही नावाजली गेली.

या कामात रंग नुसता वर लावला जात नाही. कापड आधी एरंडेल तेल, शेळीच्या लेंड्या व खार यांच्या मिश्रणात मळून मुरवतात. मग हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवतात. त्यावर दोन प्रकारचे ठसे उमटतात. एकात लोखंडाच्या गंजापासून केलेले द्रावण असते व दुसऱ्यात तुरटीचे. दोन्ही द्रावणे खळीत घट्ट केलेली असतात. लोखंड व हिरडा यांच्या संयोगाने काळा रंग तयार होतो. तुरटीचा ठसा मात्र त्या वेळी फिकाच दिसतो. वाहत्या पाण्यात धुतल्यानंतर कापड तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरिन व धावड्याची फुले घालून उकळतात, तेव्हा तुरटीच्या जागी लाल रंग फुलतो. येथे रंग तंतूशी रासायनिक रीतीने बांधला जातो, म्हणून तो वर्षानुवर्षे टिकतो. परंतु या पद्धतीस पाणी, ऊन, अनुभवी हात व अनेक दिवसांचा अवधी लागतो. उद्या सकाळी हवे असलेले काम तिच्याकडून मागणे योग्य नव्हे.

साध्या तयार रंगांनीही ठसेकाम करता येते. शाळेचे बोधचिन्ह एकदा सागवानी किंवा शिसवी ठशात कोरून घेतले, तर तो ठसा नीट जपल्यास पुष्कळ वर्षे कापडी पिशव्यांवर व रुमालांवर चालतो. त्यास वीज लागत नाही, ही खेड्यातील लहान सोय नव्हे.

जाळीची छपाई

दुसरी पद्धत जाळीची, म्हणजे स्क्रीन छपाईची. इंग्लंडमध्ये सॅम्युअल सायमन याने १९०७ मध्ये तिच्या एका रीतीचे पेटंट घेतले. चौकटीवर ताणलेल्या बारीक कापडावर प्रकाशसंवेदी लेप देतात. चित्राचा भाग मोकळा ठेवून उरलेली छिद्रे बुजवतात आणि रबरी पट्टीने रंग खाली ढकलतात. प्रत्येक रंगास वेगळी जाळी लागते. म्हणून दोन रंगांचे बोधचिन्ह सोपे, परंतु छायाचित्र अवघड.

हिचा गुण असा की, जाळी एकदा तयार झाली की पुढील प्रत्येक नग अतिशय स्वस्त पडतो. सुती, टेरीकॉट, पॉलिएस्टर, कागद, प्लॅस्टिक, ज्या त्या पदार्थाचा योग्य रंग वापरल्यास सर्वांवर ती चालते. दोष बहुधा कारागिराच्या घाईचा असतो. कापडावरील रंग वाळला म्हणजे पक्का झाला असे नव्हे. बंधक असलेल्या रंगास साधारण १५० अंश सेल्सिअस उष्णता काही मिनिटे द्यावी लागते. नुसत्या उन्हात वाळवून दिलेला माल पुढे उडतो व त्याचा दोष विनाकारण पद्धतीवर येतो.

उष्णतेने उतरणारी छपाई

तिसरी पद्धत सब्लिमेशन या नावाने ओळखली जाते. विशिष्ट रंगाने चित्र प्रथम कागदावर छापतात. तो कागद कापडावर ठेवून सुमारे २०० अंश उष्णतेत दाबला की रंगाची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या तंतूत शिरते. थंड झाल्यावर रंग तंतूच्या आत अडकून राहतो. म्हणून हात फिरवला असता छपाई जाणवत नाही, ती तडकत नाही आणि छायाचित्रही सुरेख उमटते. खेळाडूंच्या पॉलिएस्टर सदऱ्यांसाठी हिच्याइतकी सोयीची पद्धत क्वचितच सापडेल.

परंतु हिच्या मर्यादा कडक आहेत. सुती तंतूत हा रंग शिरत नाही. सुती सदऱ्यावर चित्र प्रथम दिसते खरे. पण धुतल्यावर ते जवळजवळ नाहीसे होते. टेरीकॉटवर केवळ पॉलिएस्टरचा अंश रंग घेतो, त्यामुळे चित्र फिके पडते. या पद्धतीत पांढरा रंग नसतो, म्हणून कापड पांढरे किंवा फिक्या रंगाचेच हवे. कप, थाळी किंवा पोलादी बाटली छापावयाची असल्यास तिच्यावर या कामासाठीचा खास लेप आधीच असावा लागतो. बाजारातील साधा कप यासाठी उपयोगी नाही. लेखणीसारख्या गोल वस्तूंसाठी सिलिकोनच्या गादीने ठसा उचलणारी पॅड छपाई निराळीच आहे.

फिल्म आणि थेट छपाई

अलीकडील दोन पद्धतींची नावे डीटीजी आणि डीटीएफ अशी आहेत. डीटीजी यंत्र कागदावर छापावे तसे सुती कापडावर थेट छापते. गडद कापडाला मात्र आधी एक द्रावण लावावे लागते. डीटीएफमध्ये चित्र प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापतात, त्यावर चिकट भुकटी टाकून वितळवतात आणि मग हीट प्रेसने कापडावर दाबतात. हे चित्र सुती, टेरीकॉट, पॉलिएस्टर, पांढऱ्या, काळ्या, सर्व कापडांवर बसते. मात्र ते कापडाच्या वर एका पातळ थरासारखे राहते. मोठे चित्र असल्यास त्या जागी हवा खेळत नाही, आणि दाब किंवा उष्णता कमी पडल्यास कडा सुटतात.

या दोन्ही यंत्रांतील पांढऱ्या शाईत जड कण असतात व ते तळाशी बसतात. यंत्र रोज चालले नाही तर शाईची सूक्ष्म तोंडे बुजतात. ज्या गावी वीज वारंवार जाते आणि काम आठवड्यातून एकदाच येते, तेथे असे यंत्र कर्ज काढून घेणे शहाणपणाचे नाही. त्यापेक्षा छापलेली फिल्म शहरातील छपाईदाराकडून आणावी आणि गावात केवळ हीट प्रेस ठेवावा. महाग यंत्र शहरात राहील व ग्राहकाशी संबंध गावात राहील.

नगांचा हिशेब

आता नगांचा प्रश्न. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारातील दर घालावेत. समजा, दोन रंगांच्या जाळ्या तयार करण्यास ८०० रुपये व प्रत्येक सदऱ्यास १० रुपये खर्च येतो. फिल्मला तयारीचा खर्च नाही, पण प्रत्येक सदऱ्यास ५० रुपये लागतात. बारा सदऱ्यांचे काम असल्यास जाळीचा खर्च ९२० रुपये व फिल्मचा ६०० रुपये होतो. शंभर सदऱ्यांस जाळी १,८०० रुपयांत काम करते, तर फिल्मला ५,००० रुपये लागतात. वीस नगांवर दोन्ही समान होतात.

परंतु प्रत्येक सदऱ्यावर खेळाडूचे वेगळे नाव हवे असेल तर? प्रत्येक नावाला नवी जाळी करणे परवडणार नाही. अशा वेळी बोधचिन्ह जाळीने छापावे व नाव तेवढे फिल्मने लावावे. दोन पद्धतींची अशी सांगड घालता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

कोणतेही मोठे काम स्वीकारण्यापूर्वी त्याच कापडाच्या तुकड्यावर छपाई करावी, एक दिवस थांबावे, तो तुकडा पाच वेळा धुवावा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. फडक्यावर रंग उतरला किंवा चित्राच्या कडा सुटल्या, तर काम घेऊ नये. शाळेने वा कार्यालयाने खरेदी करताना असा तुकडा मागून घ्यावा व तो जपून ठेवावा.

खरे नाव, स्वच्छ पाणी

आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. बाघच्या नक्षीची जाळीने केलेली नक्कल 'बाघ' म्हणून विकली, तर हाताने काम करणाऱ्या कारागिराची भाकरी हिरावली जाते. भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा २००३ मध्ये अमलात आला आणि त्याखाली बाघ छपाईची नोंद झालेली आहे. ग्राहकानेही थोडे पाहावे. हाताच्या ठशांच्या सांध्यांत किंचित फरक असतो. जाळीचा वरवरचा रंग बोटाला कडक लागतो व कापडाच्या मागील बाजूस फिका असतो. एकाच खुणेवर निर्णय देऊ नये, हे मात्र खरे. जाळीची छपाई ही हलकी वस्तू नव्हे. ती तिच्या स्वतःच्या नावाने विकावी, एवढेच मागणे आहे.

दुसरी गोष्ट आरोग्याची. ठरावीक ॲझो रंगांवर भारत सरकारने १९९७ मध्ये बंदी घातली; म्हणून पुडीवर नाव नसलेला स्वस्त रंग घेऊ नये. जाळीच्या लेपात वापरले जाणारे बायक्रोमेट त्वचेस व शरीरास अपायकारक आहे, तेव्हा हातमोजे घालावेत. जाळी धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नये. फिल्मची भुकटी वितळवताना खोलीच्या खिडक्या उघड्या असाव्यात आणि मुलांना तेथून दूर ठेवावे.

बंधु-भगिनींनो, यंत्र नवे असो वा ठसा जुना असो, दोन्ही आपापल्या जागी उपयुक्त आहेत. कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्यांनी अर्जात यंत्राचे नाव पाहण्याआधी कापड, नग व धुणी यांची उत्तरे मागावीत. शिक्षकांनी मुलांना धागा ओळखावयास शिकवावे. आणि गटांतील भगिनींनी पहिला सदरा स्वतःच्या घरी धुऊन मगच दुसरा छापावा.