चेंडू मोजा, हात जपा

गटाच्या बैठकीत आपण बचत, कर्ज आणि हप्ते यांवर बोलतो. आज मी लेकरांच्या हाताबद्दल बोलणार आहे. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी शाळेच्या बेसबॉल संघात आहे, त्यांनी जरा कान देऊन ऐका. आणि ज्यांच्या घरी कुणी खेळत नाही, त्यांनी शेजारणीला सांगण्यासाठी ऐका.

बेसबॉल आता आपल्या शाळांमध्येही पोहोचला आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा स्पर्धा होतात. लेकरू पुढं गेलं आणि नियमात बसलं, तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. म्हणून आपण म्हणतो, खेळ बाळा, जोर लाव. त्यात वावगं काही नाही. पण ज्या हाताच्या जिवावर हे सगळं मिळायचं, तो हात किती ओझं सोसतो, हे आपल्याला माहीत हवं.

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. क्रिकेटचा गोलंदाज हात सरळ ठेवून चेंडू टाकतो. पिचर कोपरातून हात मागं वाकवून, सगळ्या अंगाचा जोर लावून, झटक्यानं चेंडू फेकतो. त्या झटक्यात कोपराची आतली बाजू, म्हणजे अंगाकडची बाजू, जोरात ताणली जाते. एकदा ताणली तर काही होत नाही. एका दिवसात ऐंशी-नव्वद वेळा, आणि परत दुसऱ्या दिवशी तेवढंच, असं झालं की दुखणं सुरू होतं.

लहान मुलांचं हाड मोठ्या माणसासारखं पक्कं नसतं. हाडाच्या टोकाशी वाढीची जागा असते, ती कूर्चेची, म्हणजे मऊ असते. कोपरापाशी ती साधारण पंधरा-सोळा वर्षांपर्यंत पक्की होत नाही, खांद्याला तर त्याहून उशीर लागतो. मोठ्या माणसाचा ताण स्नायूवर आणि सांध्याच्या बंधावर येतो. लेकराचा ताण या मऊ जागेवर येतो. ती सुजते, दुखते, कधी हाडापासून ओढली जाते. हे दुखणं मुलांमध्ये इतकं दिसतं, की अमेरिकेत त्याला मुलांच्या बेसबॉल संघटनेवरून नावच पडलंय, 'लिटल लीग एल्बो'.

अमेरिकेत बेसबॉल गल्लोगल्ली खेळतात. तिथल्या अलाबामा राज्यात खेळाडूंच्या दुखापतींवर संशोधन करणारी एक संस्था आहे. त्यांनी ९ ते १४ वर्षांच्या ४८१ पिचर मुलांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. बेसबॉलच्या सामन्यात डाव असतात. ज्या मुलांनी एका वर्षात १०० पेक्षा जास्त डाव चेंडू फेकले, त्यांना मोठी दुखापत होण्याचा धोका इतरांच्या साडेतीन पट निघाला. त्याच संस्थेच्या आणखी एका अभ्यासात दिसलं, की शस्त्रक्रिया करावी लागलेल्या मुलांमध्ये हात थकलेला असतानाही फेकत राहणारी मुलं फार होती. वर्षातले आठ महिन्यांपेक्षा जास्त दिवस स्पर्धेत फेकणारीही बरीच होती.

म्हणून २००७ पासून लिटल लीगनं डावांऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. कारण एक डाव दहा चेंडूंत संपतो, तर दुसरा चाळीस चेंडू खातो. त्यांची मर्यादा ऐका, जवळ कागद-पेन असेल तर लिहून घ्या. ७ ते ८ वर्षांच्या मुलानं एका दिवसात ५० चेंडू. ९ ते १० वर्षांसाठी ७५. ११ ते १२ ला ८५. १३ ते १६ ला ९५. त्याहून जास्त नाही.

आणि नंतर विश्रांती. १४ वर्षांपर्यंतच्या मुलानं २० चेंडूंपर्यंत फेकले, तर सुट्टीची गरज नाही. २१ ते ३५ फेकले, तर एक दिवस. ३६ ते ५० ला दोन दिवस. ५१ ते ६५ ला तीन दिवस. ६६ किंवा जास्त, तर चार दिवस. समजा तेरा वर्षांच्या मुलानं सोमवारी ६० चेंडू फेकले. मग मंगळवार, बुधवार, गुरुवार त्यानं पिचर म्हणून उभं राहायचं नाही. शुक्रवारी चालेल.

जपानची गोष्ट सांगते. तिथं शाळांची एक मोठी स्पर्धा असते, कोशिएन. साऱ्या देशाचं लक्ष तिच्याकडं असतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये अकिता भागातल्या एका कृषी विद्यालयाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. शेतकी शाळेची पोरं आणि समोर मोठमोठ्या शाळा, म्हणून लोकांना कोण कौतुक! पण त्यांचा पिचर जवळजवळ एकटाच, कोसेई योशिदा. सहा सामन्यांत त्यानं ८८१ चेंडू फेकले, तेही दोन आठवड्यांच्या आत. कौतुकाबरोबर प्रश्नही आले, की एवढं ओझं एका पोरावर का? मग तिथल्या शालेय बेसबॉल महासंघानं २०२० पासून नियम केला, की एका पिचरला आठवड्यात ५०० पेक्षा जास्त चेंडू नाहीत. मला वाटतं हा आकडाही मोठाच आहे. पण जिथं दमलेल्या पोराचं कौतुक व्हायचं, तिथं मोजणी सुरू झाली, हे काही थोडं नाही.

आपल्याकडंही चांगला फेकणारा एकच असतो. तोच सकाळचा सामना, तोच दुपारचा. नाही तर पिचर म्हणून दमला, की त्याला कॅचर म्हणून बसवतात. कॅचरला प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो, म्हणजे हाताला विश्रांती कुठली? लिटल लीगमध्ये ४१ किंवा जास्त चेंडू फेकलेल्या मुलाला त्या दिवशी कॅचर करत नाहीत. संघात दोन-तीन पिचर तयार केले, तर सगळ्यांचाच भार हलका होतो. गटाचं सगळं काम एका अध्यक्षाच्या डोक्यावर टाकलं, तर काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

काही जणांना वाटतं, हात बिघडला तर ऑपरेशन आहेच. अमेरिकेत १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या खेळाडूच्या कोपरातला तुटलेला बंध दुसऱ्या हाताची शीर, म्हणजे स्नायूबंध, लावून बसवला. आजही त्या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे. तो परत खेळला, पण त्याआधी पूर्ण १९७५ साल मैदानाबाहेर होता. ऑपरेशननं हात आधीपेक्षा जोरकस होतो, हा निव्वळ गैरसमज आहे. आणि खर्च, प्रवास, बुडालेली मजुरी यांचा हिशेब तुम्हीच करा.

आता आपलं काम. खेळाचे सगळे नियम कळले नाहीत, तरी चालेल. मैदानाच्या कडेला बसून चेंडू मोजता येतात. फलंदाजाकडं फेकलेला प्रत्येक चेंडू मोजायचा, मग तो लागो, हुको, की बाहेर जावो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. वहीत चार रकाने करा: तारीख, चेंडू, किती दिवस विश्रांती, परत कधी फेकायचं. सरावाचे चेंडू त्यांच्या नियमात धरत नाहीत, पण हाताला तेही लागतात, म्हणून जमलं तर तेही लिहा. आपल्या स्पर्धेत नियम काय आहे, ते क्रीडाशिक्षकांना विचारा. सरांवर एकाच वेळी पंधरा मुलांची जबाबदारी असते. "सर, आज साठ झाले, आता दुसऱ्याला देता का?" असं नीट सांगितलं, तर त्यांनाही मदतच होते.

सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींच्या आयांनो, तुम्हीही मोजा. हात खालून फिरवून फेकला म्हणजे त्रास नाही, असं समजू नका. खांद्यावर ताण येतोच.

ही लक्षणं ध्यानात ठेवा. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्याला दुखणं. कोपर पूर्ण सरळ न होणं. सूज. चेंडूचा वेग अचानक कमी होणं, नेम चुकणं. केस विंचरताना, दप्तर उचलताना तोंड वाकडं होणं. यातलं काही दिसलं, तर फेकणं त्याच दिवशी थांबवा. मलम चोळून किंवा गोळी देऊन पुन्हा मैदानात पाठवू नका. गोळीनं दुखणं झाकतं, इजा तशीच राहते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि मूल चेंडू फेकतं, हे त्यांना आवर्जून सांगा. वेळेत थांबलं, तर बहुतेक मुलांचा हात विश्रांतीनं बरा होतो.

लेकरू स्वतः सांगणार नाही. संघातून काढतील, ही भीती त्याला असते. म्हणून "दुखतंय का?" असं विचारू नका, ते "नाही" म्हणेल. "हात सरळ करून दाखव बघू," म्हणा. आणि वर्षातून किमान चार महिने फेकणं पूर्ण बंद ठेवा. त्या काळात पळू दे, कबड्डी खेळू दे.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला, की दहा मिनिटं काढा. कुणाकुणाची मुलं खेळतात ते विचारा, आणि सामन्याच्या दिवशी वही घेऊन कोण बसणार, याची पाळी लावा. आपल्याला वही ठेवायची सवय आहेच.