आषाढातली गिटार



गेल्या आषाढात पुण्याच्या आमच्या घरी परदेशातून एक चपटा खोका आला. आत गिटार होती, पण सुटी सुटी. स्प्रूस लाकडाची तबली, म्हणजे वरची पातळ फळी, वाकवूनच दिलेल्या शिसवी बाजू, मान, खाचा पाडलेली काळी पट्टी. शिसव मात्र मूळचा भारतातला. ब्राझीलने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या रोजवूडचे, म्हणजे तिथल्या शिसवाचे, ओंडके बाहेर धाडणं बंद केलं, तेव्हा गिटारवाले भारतातल्या शिसवाकडे वळले. म्हणजे इथलं लाकूड सातासमुद्रापार जाऊन, वाकून, परत माझ्या गॅलरीत!

कठीण कामं कारखान्याने आधीच उरकलेली असतात. फ्रेटचंच, म्हणजे त्या काळ्या पट्टीवरच्या पडद्यांचंच बघा. तारेची लांबी ६४५ मिलिमीटर, तर तिला १७.८१७ने भागायचं. आले ३६.२, तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार. बाराव्या फ्रेटवर तार निम्मी होते आणि वरचा सा बोलतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, जरा सरकवले की भागतं. इथे खाच चुकली की चुकली.

माझ्या वाट्याला राहिले डिंक आणि चिमटे. बाजूंच्या आतल्या कडेला एक दातेरी पट्टी चिकटवतात. तिला सुताराचे शिकंजे पुरत नाहीत, कपड्यांचे चिमटेच लागतात, तेही साठ-सत्तर. घरातले कपडे दोन दिवस खुर्च्यांच्या पाठींवर होते. त्यावर घरात काय बोलणी झाली, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

खरी चूक पुढे झाली. तबली जेमतेम तीन मिलिमीटर जाड, आणि सहा पोलादी तारांची ओढ सगळी मिळून सत्तर किलोच्या आसपास. ती पेलायला तबलीला आतून फुलीसारख्या पट्ट्या मारतात. आता लाकूड हवेप्रमाणे रुंदीत फुगतं, आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. मी भर पावसात, आर्द्रतामापक ८० टक्के दाखवत असताना, त्या पट्ट्या चिकटवून मोकळा झालो. पौषात हवा कोरडी पडली. तबली आकसू लागली, पट्ट्या तिला आकसू देईनात. एका रात्री ‘चट्ट’ झालं. सकाळी पाहतो तो बोटभर चीर.

मिरजेच्या सतारमेकरांना असं थांबायला कुणी सांगावं लागत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे महिनोन्‌महिने वाळवल्याशिवाय ते हत्यार लावत नाहीत. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्या मते त्यातला निम्मा मान त्या वाळवण्याचा.

चीर मी स्प्रूसचीच बारीक चिपटी भरून बुजवली, आतून ठोकळ्या लावल्या. माघात तारा चढल्या. खर्ज जरा घुमा आहे, पण वाजते.

तुम्ही असा खोका मागवलात, तर पावसाळ्यात मानेला पॉलिशपेपर मारत बसा. तबलीला हात लावायचा तो दिवाळीनंतर, मापक ४५-५०वर उतरल्यावर. आणि चिमटे वेगळे विकत आणा.