घरातली बॅटरी



परवा आम्ही एका घरी गेलो. घरधन्याने कौतुकाने नवी बॅटरी दाखविली. दिवसा छपरावरच्या सौर पाट्यांची वीज ती साठविते. रात्री दिवा लागतो, पोरे अभ्यास करतात. फार चांगली गोष्ट! पण बॅटरी होती कुठे? दाराच्या आड. वर माळ्यावर कडबा, शेजारी डिझेलचा डबा. आणि घराला दार एकच!

आम्ही विचारले, "दादा, रात्री हिने पेट घेतला, तर लेकरे बाहेर कशी काढाल?" दादा गप्प झाले.

बॅटऱ्या मुख्यतः दोन जातींच्या. एक शिशाची. हिच्यात तेजाब असते. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. हवेच्या शंभर भागांत तो चार भाग झाला, की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका, वर चढतो. म्हणून खोलीला वर झरोका हवा. जवळ विडी नको, उदबत्तीही नको.

दुसरी लिथियमची. तिला मार बसला, जादा चार्ज झाली, फार तापली, तर आतल्या आत उष्णता वाढत जाते. विषारी धूर सुटतो. विझलेली आग पुन्हा पेटते. २०१९ साली अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एका मोठ्या बॅटरीघरात असा वायू कोंडला. दार उघडल्यावर स्फोट झाला. अग्निशमन दलाचे चार जवान जबर जखमी झाले. ती तर शिकलेली माणसे! मग आपण किती जपावे?

बॅटरी निजायच्या खोलीत नको, दाराशी नको, जिन्याखाली नको. विटांच्या भिंतीशी, कोरड्या सावलीत ठेवा. भोवती जागा मोकळी सोडा. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करा. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. तो उडाला तर साधी तार गुंडाळू नका. चार्जर त्याच बॅटरीच्या मेळाचा घ्या. बॅटरी फुगली, वास आला, तर वापर थांबवा आणि जाणकाराला बोलवा.

पेटलीच, तर सामान राहू द्या. माणसे बाहेर काढा. १०१ किंवा ११२ नंबर फिरवा. पुन्हा आत जाऊ नका.

दादांनी वायरमन बोलावून बॅटरी पडवीत हलविली. तुमची कुठे आहे? आज घरी गेल्यावर आधी तेवढे पाहा.