पस्तीस घरांचा चौक



स्थानिक इतिहासाचं संमेलन यंदा मुंबईच्या उपनगरातल्या चारकोपला भरणार, हे कळल्यावर बऱ्याच जणांनी मला विचारलं, ‘तिथे काय आहे बघण्यासारखं?’ विचारणाऱ्यांना दोष देत नाही. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ला लागतो, वाडा लागतो, गेलाबाजार एखादी समाधी तरी लागते. चारकोपच्या पदरात यातलं काही नाही. मग आपण पाहुण्यांना बोरिवलीकडे नेतो आणि मंडपेश्वर दाखवतो.

दाखवावंच. सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेलं ते शैव लेणं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचं चर्च केलं आणि वरच्या अंगाला मठ बांधला. १७३९ साली साष्टी मराठ्यांकडे आली आणि पुन्हा सगळं पालटलं. आज एका दालनात नटेश आहे, तर दुसरीकडे मूर्ती तासून त्याच दगडात काढलेला क्रूस. मुंबईच्या उपनगरांचा इतिहास शिकवायला मला एकच भिंत निवडायला सांगितली, तर मी ती निवडेन. तिथून जवळच एकसरचे वीरगळ. त्यांवर वल्ही मारणाऱ्या नौकांच्या रांगा आहेत, खाली पाण्यात पडलेले योद्धे आहेत आणि वर स्वर्गात पोचलेले वीर आहेत. शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५च्या सुमारास झालेल्या आरमारी लढाईशी बहुतेक अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. गावाला शिलाहार ठाऊक नव्हते. गावाने दगडांना देव मानलं, शेंदूर लावला. पुरातत्त्ववाले शेंदरावर चिडतात, पण शेंदूर नसता तर ते दगड एखाद्या कुंपणात चिणले गेले असते, हेही कबूल करायला हवं.

पण हे वैभव शेजारच्यांचं. चारकोपचं स्वतःचं काय?

आधी गावठाण. खाडीकडेची ही वस्ती म्हाडाच्या सेक्टरांच्या कितीतरी आधीची. कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन ही इथली जुनी माणसं. ओटा, उतरतं कौलारू छप्पर, गल्लीच्या तोंडाशी क्रूस किंवा देऊळ, हे जिथे जिथे उरलंय तिथे आधी फोटो काढा, मग चर्चा करा. मनोरीत ईस्ट इंडियन समाजाने आपलं संग्रहालय उभं केलंय. ज्यांना वाटतं की संग्रहालय म्हणजे सरकारचं काम, त्यांनी एकदा मार्व्याहून तरीने खाडी ओलांडून ते बघून यावं.

आता माझ्या खऱ्या विषयाकडे येतो. चारकोपकरांनो, तुम्ही ज्या सेक्टरांत राहता, ते स्वतःच ऐतिहासिक वास्तू आहेत. हसू नका.

१९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जावर मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. म्हाडाने इथे तयार घरं वाटली नाहीत. आखलेला भूखंड दिला, रस्ता, पाणी, मलनिस्सारण दिलं, आणि म्हटलं, घर तुम्ही तुमच्या ऐपतीने बांधा. सर्वांत लहान भूखंड पंचवीस चौरस मीटरचा. साधारण पस्तीस भूखंडांची एक सहकारी सोसायटी आणि मधे सामाईक चौक. मोठे भूखंड बाजारभावाने विकायचे आणि त्या पैशातून लहान भूखंडांची किंमत आवाक्यात ठेवायची, असा हिशेब होता. गोराईलाही हेच झालं. त्या काळात या योजनेवर टीका भरपूर झाली. घरं लवकर उठत नाहीत, योजना खऱ्या गरिबांपर्यंत पोचत नाही, असं म्हटलं गेलं. पुढे जागतिक बँकेनेही अशा योजनांतून अंग काढून घेतलं. मग २०१८ साली ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात मुंबई आणि चेन्नईतल्या अशा वसाहतींवर एक अभ्यास आला. वीस वर्षांनी परत जाऊन पाहिलं, तर ज्याला अपयश म्हटलं होतं ती चांगली नांदती गावं झाली होती. हा निष्कर्ष जगभरचे नगररचनाकार वाचतात. चारकोपच्या शाळेतल्या मुलाला तो माहीत नाही.

सेक्टरातल्या एखाद्या रस्त्यावरून आत चौकात जाऊन नीट बघा. खालचा मजला पहिल्या पिढीचा. जिना बाहेरून, बहुधा लोखंडी, कारण आत जिन्याला जागा द्यायची तर स्वयंपाकघर जातं. वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या वेळी चढवलेला, म्हणून त्याच्या खिडकीची जाळी वेगळी आणि लादी वेगळी. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, म्हणून काही घरांत आता पायरी चढायच्या ऐवजी उतरावी लागते. त्या घरात एका कुटुंबाची तीस वर्षांची मिळकत वाचता येते. राजवाड्यात ती वाचता येत नाही, तिथे फक्त राजाची मर्जी दिसते.

हे सगळं जाणार आहे. पुनर्विकासाची बोलणी दारात आलीत आणि मी त्याच्या आड येणार नाही. ज्या घरात आज तीन पिढ्या अंग चोरून झोपतात, त्यांना ‘वारसा जपा’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. मोठं घर मिळत असेल तर जरूर घ्या. माझं म्हणणं एवढंच, की जाण्याआधी नोंद व्हावी. सरकारवर विसंबू नका. १९७२च्या कायद्याने वस्तू पुरावशेष ठरायला शंभर वर्षं लागतात, कागदांना पंचाहत्तर. तोवर तुमच्या वाटपपत्राची रद्दी झालेली असेल. मुंबईची वारसा नियमावली १९९५ सालची, पण तिच्या यादीत उपनगरांचा वाटा तुटपुंजाच राहिला.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचं उदाहरण देतो. गोरोबाकाकांचं ते गाव, प्राचीन तगर. पावसाने माती धुपली की तिथे मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या वर येत. रामलिंगप्पा लामतुरे या तिथल्याच गृहस्थांनी ते जमवायला घेतलं. आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी नातं सांगणारी स्त्रीमूर्ती तिथली, आणि उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही तिथेच आहे. वास्तू जागेवर आणि चौकट संग्रहालयात, दोन्ही चालतच पोचण्याइतकं जवळ. लामतुऱ्यांनी ना शासन निर्णयाची वाट पाहिली, ना समिती नेमली.

चारकोपमध्ये असं संग्रहालय झालं, तर त्याला कोरीव चौकट मिळणार नाही. वाटपपत्र, हप्त्यांच्या पावत्या, सोसायटीची पहिली इतिवृत्त वही, चौकातल्या पहिल्या गणपतीचा फोटो, आणि भूखंड ताब्यात आला तेव्हा खाडीवरून काय वास यायचा हे सांगणाऱ्या आजींचा आवाज, हे मिळेल.

म्हणून या व्यासपीठावरून दोन मागण्या करतो. म्हाडाने आणि विकासकांनी पुनर्विकासाच्या आराखड्यात प्रत्येक सेक्टरमागे एक खोली स्थानिक संग्रहासाठी ठेवावी, आणि निदान एक चौक पाडण्याआधी त्याच्या प्रत्येक घराचं मोजमाप करून नकाशे काढावेत. दुसरी मागणी सोसायट्यांच्या सचिवांकडे. कपाटातल्या जुन्या फायली येत्या दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. त्या आधी आम्हाला दाखवा.