देणे आणि विष

‘गिफ्ट’ हा इंग्रजी शब्द आता आपल्या घरांत चांगलाच रुळला आहे. तो कानी पडताच मुलांचे डोळे चमकतात. पण जर्मनीत एखाद्या बाटलीवर हीच चार रोमन अक्षरे दिसली, तर तिला हात न लावणेच शहाणपणाचे. कारण जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष! स्वीडनमध्ये याच अक्षरांचा उच्चार ‘यिफ्ट’ होतो. तेथे त्याचा एक अर्थ ‘विष’ आणि दुसरा ‘विवाहित’. यावर स्वीडिश विनोदकारांनी हात धुऊन घेतले नसते, तरच नवल!

देणगी, विष आणि विवाह यांची गाठ पडली कशी? तिन्हींचे मूळ एकच: ‘देणे’. जे दिले ते ‘गिफ्ट’. कन्या दिली, म्हणून ‘विवाहित’. आपणही ‘मुलगी कोठे दिली?’ असेच विचारतो.

विषाची हकीकत मात्र आडवळणाची आहे. ग्रीक वैद्य औषधाच्या मात्रेला ‘दोसिस’, म्हणजे ‘देणे’, म्हणत. हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि जर्मनांनी आपल्या भाषेत त्याचा अनुवाद केला तो ‘गिफ्ट’. मात्रा तारते, तशी मारतेही. शिवाय भयंकर वस्तूचे नाव उघड घेऊ नये, ही माणसाची जुनी रीत. रात्री सापाला आपण ‘लांबडे’ म्हणतो, तसे विषाला ‘दिलेली वस्तू’ हे सौम्य नाव मिळाले. पुढे हे पांघरूणच विषाचे खरे नाव होऊन बसले आणि देणगीचा अर्थ जर्मनमधून जवळजवळ हद्दपार झाला. तो उरला मुख्यतः ‘मिटगिफ्ट’ या शब्दात. त्याचा अर्थ, मुलीबरोबर दिलेले धन, म्हणजेच हुंडा. हुंड्याच्या नावात विषाची अक्षरे यावीत, हा भाषेतील निव्वळ योगायोग. पण 1961 साली कायद्याने बंदी होऊनही आपल्या देशात हुंड्यापायी गेलेले जीव आठवले, की त्या योगायोगाने मन चरकते.

तो ग्रीक ‘दोसिस’ही आपल्याला परका नाही. इंग्रजीच्या वाटेने तो ‘डोस’ होऊन आपल्याकडे आला. त्याचा धातू आणि संस्कृत ‘दा’ हे सख्खे भाऊ. म्हणजे ‘डोस’ आणि ‘दान’ एकाच कुळातले! देणे हा शब्द स्वभावतः निर्मळच. त्यात अमृत घालावयाचे की विष, हे देणाऱ्याने ठरवावयाचे आणि घेणाऱ्याने ओळखावयाचे असते.