सणांच्या तारखा का सरकतात?

दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. संक्रांत मात्र 14 किंवा 15 जानेवारीला ठरलेली. असं का, हे माझ्या लेकीनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानं उलटत विचारलं. दिवाळी चंद्राच्या तिथीवर, संक्रांत सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे सौरवर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान. ही तूट साठली की 32-33 महिन्यांनी अधिक महिना येतो. 2023 मध्ये श्रावण दोनदा आला तो त्यामुळेच. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही, म्हणून शेजाऱ्यांची ईद दर वर्षी 10-11 दिवस अलीकडे येते आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरते.

आता लेक वहीत रोजच्या चंद्राचं चित्र काढते; अवसेला पेन्सिलीनं गडद काळा गोल. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पाहून तीच आधी गच्चीवर धावते आणि तिची हाक आली की आजी नैवेद्याचं ताट वाढायला घेते. श्रद्धा आणि गणित तिला एकत्रच भेटताहेत, याचं मला मनापासून समाधान आहे. तिचा पुढचा प्रश्न तयार आहे: नाताळ कायम 25 डिसेंबरला, मग ईस्टर का सरकतो? तिथंही पौर्णिमाच आहे.