परक्याची अमानत सांभाळण्याची विद्या
(वार्षिक संमेलनातील भाषण)



सायबर सुरक्षेच्या व्यवसायाविषयी मी आज दोन शब्द बोलणार आहे. या कामात पगार चांगला मिळतो हे मुलांनी ऐकलेले आहे. पालकांना मात्र दोन शंका असतात. कामरगावच्या मुलाने तेथवर पोचावे कसे? आणि हे हॅकिंग म्हणजे चोरीचाच प्रकार नव्हे ना? दोन्ही शंका रास्त आहेत.

आपल्याच राज्यातील एक उदाहरण घ्या. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची स्थापना 1906 सालची. ऑगस्ट 2018 मध्ये तिच्या संगणक यंत्रणेत चोर शिरले. एटीएममधून पैसे मागितले की 'द्या' किंवा 'देऊ नका' असे बँकेची यंत्रणा सांगते. चोरांनी मध्येच आपली खोटी यंत्रणा बसविली आणि ती प्रत्येक मागणीला 'द्या' म्हणू लागली. बनावट कार्डांवर काही तासांत 28 देशांतून पैसे निघाले. एकूण सुमारे 94 कोटी रुपये गेले. दरवाजा फुटला नाही, की कोणाला ओरखडाही उठला नाही.

यातील मुख्य चोर कोठे तरी दूर बसलेले होते. परंतु आपल्या देशात एटीएमसमोर उभे राहून नोटा काढणारी माणसे आपल्यातलीच होती. एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. म्हणून मुलांनो, 'तुझे बँक खाते आठ दिवस वापरायला दे, कमिशन देतो' असे कोणी म्हणाले, तर त्याच्या सावलीलाही उभे राहू नका. पैसा दुसरा नेतो आणि पोलीस खातेदाराच्या दारी येतात.

आता विद्येकडे वळू. ही विद्या आपल्याला परकी नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने गुप्त लिपी उलगडण्यावर ग्रंथ लिहिला. भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून सांकेतिक मजकूर वाचता येतो, हे त्याने दाखविले. या पद्धतीचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने विवेचन त्याचेच आहे. त्याच्याजवळ संगणक नव्हता. भाषेचे ज्ञान, गणित आणि चिकाटी होती.

नवशिक्याने सुरुवातही तशीच पायापासून करावी. एका संगणकातून दुसऱ्याकडे माहिती जाते कशी, म्हणजे नेटवर्किंग, हे प्रथम समजून घ्यावे. नंतर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली हाताळावी. मग पायथॉन भाषेत लहान लहान प्रोग्राम लिहावेत. ज्याला घराची रचना ठाऊक नाही, तो राखण काय करणार? एक जुना संगणक आणि रोजचे दोन तास एवढ्यावर वर्षभरात पाया तयार होऊ शकतो. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वर अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात. शुल्क परीक्षेचे असते. इंग्रजी वाचण्याची सवय मात्र आजपासून लावा, कारण बहुतेक साहित्य त्याच भाषेत आहे.

दहावीनंतर संगणकाची पदविका किंवा बारावीनंतर पदवी हा सरळ रस्ता होय. पुण्यात 1988 साली स्थापन झालेली सी-डॅक ही सरकारी संस्था अभियांत्रिकी व संगणकाच्या पदवीधरांसाठी सुरक्षेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालविते. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. 'तीन महिन्यांत हॅकर व्हा, नोकरीची हमी' अशा जाहिरातींवर शेत गहाण ठेवून पैसे भरू नका. पहिली नोकरी बहुधा पाळीची असते: रात्रभर पडद्यावरील नोंदी पाहायच्या आणि संशयास्पद काही दिसले की वरिष्ठांना कळवायचे. काम कंटाळवाणे आहे, पण शिकण्याची शाळा तीच. आणि पालकहो, हे काम बुद्धीचे व सावधपणाचे आहे. त्यात मुली कोठेही कमी पडत नाहीत.

आता दुसरी शंका. कुलूप उघडण्याची विद्या चोराजवळ असते, तशीच कुलूपवाल्याजवळही असते. फरक मालकाच्या परवानगीचा. परवानगीवाचून गंमत म्हणूनही शाळेच्या किंवा मित्राच्या संगणकात शिरू नये. अप्रामाणिक हेतूने असे केल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. सराव आपल्याच संगणकावर किंवा सरावासाठी मुद्दाम खुल्या ठेवलेल्या प्रणालींवर करावा.

मक्केचे लोक पैगंबरसाहेबांना नुबुव्वतीपूर्वीही 'अल-अमीन' म्हणत. आपल्या ठेवी ते त्यांच्याकडे विश्वासाने ठेवीत. सायबर सुरक्षा म्हणजे तरी दुसरे काय? लाखो अनोळखी माणसांची अमानत राखणे. प्रमाणपत्र संस्था देईल, पण अमानतदारी घरातूनच न्यावी लागते.

आज घरी गेल्यावर मुलांनी एक काम करावे. आई-वडिलांना ओटीपी कोणालाही सांगू नये हे समजावून द्यावे, आणि फसवणूक झाल्यास ताबडतोब 1930 या क्रमांकावर कळवायचे, हे लिहून ठेवावे. तुमच्या व्यवसायाचा पहिला दिवस तोच समजा.